खाऱ्या पाण्यात स्मार्टवॉच: पोहण्याआधी, पोहताना आणि मुख्य म्हणजे पोहून झाल्यावर

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. फिटनेस घड्याळाचा घात हे क्षारच करतात, पण बहुतेक वेळा पाण्यात असताना नाही. घड्याळ मनगटावरच वाळतं, मिठाचा पापुद्रा बटणाच्या फटीत बसतो, रात्री ते तसंच चार्जरवर चढतं, आणि दोन-चार महिन्यांनी बटण अडकलं की दोष समुद्राला जातो. ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याचं माप) किंवा त्याहून वरचं मानांकन असलेलं, काच आणि मागची बाजू धड असलेलं, कधी उघडलं न गेलेलं घड्याळ समुद्रात पोहायला चालतं. अट एकच, बाहेर आल्यावर ते गोड्या पाण्यात नीट धुवायचं. नुसतं आयपी६७ किंवा आयपी६८ (धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा दर्जा) लिहिलेलं घड्याळ मात्र किनाऱ्यावरच्या पिशवीत ठेवा.

खोक्यावरचे आकडे

आयपीपुढे दोन आकडे असतात, पहिला धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पाण्याच्या जागी ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ असेल तर एक मीटरपेक्षा जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिते. बऱ्याचदा ते दीड मीटर आणि ३० मिनिटं एवढंच निघतं. शिवाय चाचणीचं पाणी गोडं आणि स्थिर असतं. त्यात हात मारणं नाही, लाट नाही, वाळू नाही, मीठ तर नाहीच. खोक्यावर पोहणाऱ्या माणसाचं चित्र असलं तरी विश्वास ठेवायचा तो माहितीपत्रकातल्या ओळीवर.

५ एटीएम हे दाबाचं माप आहे. ५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा जेवढा दाब, तेवढा. ही चाचणी आयएसओ २२८१० या मानकाप्रमाणे होते. नवं कोरं घड्याळ, स्थिर पाणी, ठरलेला दाब आणि दहा मिनिटं. त्याचा अर्थ घड्याळ घालून ५० मीटर खाली जा असा नाही. पोहणं, उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग, पाऊस, घाम यांसाठी ते पुरेसं आहे, इतकाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

खऱ्या डायव्हिंग घड्याळांचं मानक वेगळं, आयएसओ ६४२५. त्यात किमान १०० मीटरचं मानांकन लागतं आणि मिठाची वेगळी चाचणी असते. लिटरला ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात घड्याळ २४ तास बुडवून ठेवतात आणि नंतर गंज, अडकलेले भाग शोधतात. फिटनेस घड्याळांपैकी फार थोडी या वाटेला जातात. अ‍ॅपल वॉच अल्ट्रासारख्या घड्याळांवर दिसणारं ईएन १३३१९ हे खोली मोजणाऱ्या उपकरणांचं युरोपीय मानक आहे. अल्ट्राला कंपनीने ४० मीटरपर्यंतच्या हौशी डायव्हिंगची मुभा दिली आहे.

इथे एका लोकप्रिय समजुतीबद्दल बोलायला हवं. पोहताना हात जोरात मारला की दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून ५० मीटरचं घड्याळ प्रत्यक्षात पाच मीटरलाही टिकत नाही, असं बरेच जण सांगतात. हिशेब करून पाहा. पोहणाऱ्याचा हात पाण्यातून सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाने जातो. त्या वेगाने वाढणारा दाब अर्ध्या मीटर खोलीच्या दाबाएवढाही धड भरत नाही. हात खोलवर गेला तरी आणखी एखादा मीटर. म्हणजे फ्रीस्टाइलमध्ये घड्याळावर पडणारा एकूण दाब दोन मीटर खोलीच्या आतलाच.

मग ५ एटीएमचा आग्रह कशाला? कारण घड्याळ नवं राहत नाही. रबरी रिंगा सुकतात, काचेखालची गोंदपट्टी उन्हाने सैल होते, एकदा हातातून फरशीवर पडलं की कड किंचित उचकटते. ५० मीटरची क्षमता घटत घटत १० मीटरवर आली तरी पोहता येतं. दीड मीटरपासून सुरुवात केलेल्या घड्याळाकडे घटायला जागाच नसते.

वेगाने पाण्यावर आपटणं ही मात्र निराळी गोष्ट आहे. जेट स्की, बनाना राइड, वेकबोर्ड यांवरून पडताना घड्याळाची सपाट काच पाण्यावर थेट आपटली तर क्षणभराचा दाब खूप मोठा असतो, आणि पट्ट्यावर बसणारा झटका त्याहून वाईट. अ‍ॅपलने ५० मीटरच्या मॉडेलांसाठी वॉटर स्कीइंग आणि वेगवान पाणी स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. तारकर्ली-देवबागला अशा राइडला बसताना घड्याळ काढून ठेवण्याचं मोठं कारण मात्र साधं आहे, ते तळाशी गेलं तर सापडत नाही.

मालवणच्या स्कूबालाही हेच लागू. पर्यटकांना नेतात ती खोली दहा मीटरच्या आसपास किंवा कमीच असते, म्हणजे कागदावर ५ एटीएमच्या आत बसते. तरीही बहुतेक कंपन्या साध्या ५ एटीएम घड्याळाला स्कूबासाठी नाही म्हणतात, आणि त्यांनी नाही म्हटलेलं असताना पाणी शिरलं तर वॉरंटीचा प्रश्नच उरत नाही. डायव्हिंगसाठी वेगळं घड्याळ हवंच असेल तर गार्मिन डिसेंट किंवा अ‍ॅपल अल्ट्रा या वर्गातलं घ्या.

बाजारातल्या नेहमीच्या नावांपैकी अ‍ॅपल वॉच सिरीज २ पासून पुढची, सॅमसंगची गॅलेक्सी वॉच, गार्मिन फोररनर, शाओमीचे बँड ४ पासूनचे पट्टे ही मंडळी ५ एटीएम किंवा ५० मीटरची. गार्मिन इन्स्टिंक्ट, फेनिक्स आणि अमेझफिट टी-रेक्स प्रो या १० एटीएमवाल्या. आठवड्यातून तीन-चारदा समुद्रात उतरणाऱ्याने १० एटीएमचे जास्तीचे पैसे जरूर मोजावेत. वर्षातून एकदा कोकणात जाणाऱ्याने मोजू नयेत.

पाण्यात उतरण्याआधी तपासणी

काचेवर केसाएवढी जरी चीर असली तरी समुद्र नाही. स्क्रीन किंवा बॅटरी बाहेरच्या दुकानात बदलून घेतली असेल आणि दाबाची चाचणी करून दिलेली नसेल, तर ते घड्याळ वॉटरप्रूफ नाही असंच धरा. काचेखालची गोंदपट्टी एकदा उचकटली की तीच परत वापरता येत नाही. नवी पट्टी लावून, दाबून, पूर्ण वेळ बसू द्यावी लागते, आणि गर्दीच्या दुकानात तेवढा वेळ कोणी देत नाही.

घड्याळ सपाट टेबलावर ठेवून बाजूने बघा. मागचं झाकण किंवा काच एका बाजूने किंचित वर आलेली दिसली तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पोहणं सोडाच, चार्जिंगही थांबवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

सील शंकास्पद वाटत असेल तर घरच्या घरी एक चाचणी करता येते. घड्याळ अर्धा-पाऊण तास मनगटावर घट्ट घालून अंगाच्या उबेला येऊ द्या. मग काढून काचेवर थंड पाण्याचे दोन-तीन थेंब ठेवा, दोन मिनिटांनी पुसा आणि उजेडात तिरपं धरून बघा. आतून धुकं धरलेलं दिसलं तर आत ओलावा शिरलेला आहे. हल्लीच्या अ‍ॅमोलेड काचा पडद्याला चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तिथे धुकं दिसेलच असं नाही. तेव्हा मागच्या बाजूच्या सेन्सरच्या खिडकीवरही थेंब ठेवून तपासा, पाणी शिरलं असलं तर पुष्कळदा तिथेच पहिलं बाष्प दिसतं. आयएसओच्या चाचणीतही घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून हेच करतात. घरी मात्र ते गॅसजवळ किंवा गरम पाण्यात तापवू नका.

पट्टा बघा. चामड्याचा, कापडी अस्तराचा किंवा धातूच्या जाळीचा पट्टा समुद्रात नको. सिलिकॉन, फ्लुओरोइलास्टोमर (रबरासारखं कृत्रिम द्रव्य) किंवा नायलॉन चालतं. नायलॉन वाळायला वेळ घेतं एवढंच. पट्टा धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन ही या साऱ्या साखळीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. बारीक पोलादी नळीत स्प्रिंग असते, खारं पाणी नळीत जातं आणि ती आतून गंजते. बाहेरून ती चकचकीतच दिसते. नियमित समुद्रात पोहत असाल तर दर वर्षी पिना बदला. बहुतेक घड्याळांना २० किंवा २२ मिलिमीटरच्या लागतात, आणि कोणत्याही घड्याळवाल्याकडे किरकोळ पैशांत मिळतात. स्टेनलेसच्या मागा.

अंगाला लावायच्या गोष्टींबद्दल. लांब पल्ल्याचे जलतरणपटू काखेत आणि मानेला व्हॅसलीन किंवा लॅनोलिन चोपडतात, कोकणात खोबरेल तेलही लावतात. सनस्क्रीन तर सगळेच लावतात. तेलकट पदार्थांनी सिलिकॉनचा पट्टा फुगून चिकट होतो. सनस्क्रीनमधली काही द्रावकं घड्याळाच्या कडेच्या सीलवर आणि काचेच्या लेपावर परिणाम करतात. म्हणून आधी सगळं लावून घ्या, हात साबणाने धुवा, मनगट कोरडं पुसा, आणि शेवटी घड्याळ घाला.

आणखी एक काळजी तापमानाची. किनाऱ्यावर उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर तापलेलं घड्याळ थेट पाण्यात नेऊ नका. आतली हवा तापून फुगलेली असते, गार पाण्यात ती आकसते आणि सील जिथे कमजोर असेल तिथून पाणी आत ओढलं जातं. सावलीत दहा मिनिटं थांबलं की हा धोका टळतो.

सेटिंग आणि पोहणं

समुद्रासाठी 'ओपन वॉटर' हा मोड निवडा, 'पूल' नाही. पूल मोडमध्ये घड्याळ जीपीएस बंद ठेवतं, भिंतीला मारलेली उलटी वळणं मोजतं आणि तुम्ही दिलेल्या तलावाच्या लांबीने गुणतं. समुद्रात भिंत नसते, त्यामुळे लाटेने हात वाकडा पडला की घड्याळ ती एक फेरी धरतं आणि आकडे वाट्टेल तसे येतात.

सुरू करण्याआधी कोरड्या जमिनीवर, उघड्या आकाशाखाली उभं राहून जीपीएस लागू द्या. साधारण एक ते दोन मिनिटं लागतात. पाण्यात उतरून मग बटण दाबलं तर पहिले शंभर-दोनशे मीटर नकाशावरून गायब होतात.

जीपीएसचे संकेत पाण्यातून येत नाहीत. खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे पृष्ठभागाखाली थोडं जाताच ते विरून जातात. घड्याळ आपली जागा ओळखतं ती हात हवेत असतानाच्या क्षणांत. म्हणून फ्रीस्टाइलमध्ये अंतर बऱ्यापैकी बरोबर येतं आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, जिथे हात पाण्याबाहेर निघतच नाही, तिथे नकाशावर नुसती वेडीवाकडी रेघ उमटते. ज्यांना अंतराचा नेमका आकडा हवा, ते घड्याळ तरंगत्या केशरी बॉयला (पोहणाऱ्यामागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या फुग्याला) किंवा टोपीखाली डोक्याच्या मागे अडकवतात. तिथे आकाश सतत दिसतं, मात्र हातांचे स्ट्रोक मोजले जात नाहीत.

मनगटावरच्या हृदयगतीवर समुद्रात फार भरवसा नको. हिरव्या दिव्याचा सेन्सर आणि कातडी यांच्या मधून पाणी वाहत राहतं, शिवाय गार पाण्यात मनगटाकडचा रक्तप्रवाह कमी होतो. पट्टा नेहमीपेक्षा एक घर घट्ट केला तर थोडा फरक पडतो. घट्ट पट्टा लाटेत सुटून जाण्याची भीतीही कमी करतो. हृदयगती मोजणाऱ्या छातीच्या पट्ट्याचा ब्लूटूथही पाण्यातून मनगटापर्यंत पोचत नाही; स्वतःमध्ये नोंद साठवून नंतर घड्याळाला देणारे पट्टेच इथे कामाचे.

टचस्क्रीन बंद करा. काचेवरचं खारं पाणी बोटासारखंच वाटतं आणि घड्याळ आपोआप मेनू उघडतं, नोंद थांबवतं, क्वचित कुणाला फोनही लावतं. अ‍ॅपल आणि सॅमसंगमध्ये याला वॉटर लॉक म्हणतात. पोहण्याचा व्यायाम सुरू केला की अ‍ॅपलमध्ये तो आपोआप लागतो. गार्मिनमध्ये पोहण्याच्या मोडमध्ये काम बटणांनी होतं.

पाण्याखाली बटणं दाबायची का? माहितीपत्रकात मुभा असेल तरच. बटणाच्या दांड्याभोवती एक बारीक रबरी रिंग असते आणि बटण दाबताना ती हलते. त्या क्षणी तिच्यात वाळूचा कण अडकला तर पाण्याला वाट मिळते. अंतर मोजायला लॅप (टप्पा नोंदवणारं बटण) दाबायचाच असेल तर हात पाण्याबाहेर काढून दाबा.

खाडीत पोहणाऱ्यांना एक वेगळी सूचना. खाडीतलं गढूळ पाणी मिठापेक्षा त्रासदायक ठरतं. माइक, स्पीकर आणि हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या भोकांमागे एक पातळ पडदा असतो, हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा. बारीक चिखल त्याच्यावर जाऊन बसतो. मीठ पाण्यात विरघळून निघून जातं, चिखल नाही. ओहोटीच्या वेळी, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर, खाडीत पोहणार असाल तर साधा स्वस्त बँड वापरा.

पाण्याबाहेर आल्यानंतर

घड्याळ किती वर्षं टिकणार हे बाहेर आल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं.

घड्याळ वाळू देऊ नका. मीठ द्रावणात असेपर्यंत ते धुऊन जातं. पाणी उडून गेलं की बटणाच्या खाचेत, पट्ट्याच्या सांध्यात आणि स्पीकरच्या भोकात त्याचे टोकदार खडे होतात. पुढच्या वेळी बटण दाबलं की हे खडे रबरी रिंगेवर घासतात. किनाऱ्यावर नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली पुरते. अर्ध्या बाटलीने घड्याळ हातावरच धुवा, मग काढून ओल्या रुमालात गुंडाळा आणि घरी किंवा खोलीवर नेऊन उरलेलं काम करा.

पाणी खरोखर गोडं आहे ना हे चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या बोअरवेल आणि काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुतलं तर खाऱ्यावर खारंच.

खोलीवर आल्यावर घड्याळ बंद करा आणि पट्टा काढा. पट्टा काढल्याशिवाय धुणं म्हणजे अर्धवट धुणं, कारण सगळ्यात जास्त मीठ आणि वाळू पिनेच्या खोबणीतच सापडते. वाटीत कोमट पाणी घ्या, हाताला जेमतेम उबदार लागेल इतकं. कढत पाणी नको आणि अंघोळीच्या गरम शॉवरखाली तर अजिबात नको, वाफ जिथे पाणी जात नाही तिथे जाते. घड्याळ त्या वाटीत पाच ते दहा मिनिटं बुडवून ठेवा, मधून हलवा, एकदा पाणी बदला.

मग नळाची धार बारीक करून फिरणारी कळ, म्हणजे क्राउन, धारेखाली धरा आणि दहा-पंधरा सेकंद सतत फिरवत आणि दाबत राहा. साधी बटणं असतील तर तीही पाच-सहा वेळा दाबून सोडा. इथे बटणं दाबलेली चालतात, कारण दाब नगण्य आहे आणि आतलं मीठ हलवून बाहेर काढायचं आहे. पाण्याचा जोराचा फवारा, गाडी धुण्याचा पाइप, टाचणी, टूथपिक, हवेचा पंप यांपैकी काहीही भोकांजवळ आणू नका. आतला पडदा फाटला तर तो दुरुस्त होत नाही.

साबणाबद्दल मतं वेगळी आहेत. अ‍ॅपल साबण, शॅम्पू, परफ्यूम घड्याळापासून लांब ठेवायला सांगतं, कारण पाण्याचा पृष्ठताण कमी झाला की ते सील आणि पडदे यांतून सहज सरकतं. आमचं मत सोपं आहे. घड्याळाला नुसतं पाणी, साबण पट्ट्याला. पट्टा काढलेलाच आहे, तो सौम्य साबणाने चोळून धुवा. सनस्क्रीनचा तेलकट थर नुसत्या पाण्याने जात नाही.

काच पुसताना घाई नको. वाळूचे कण राहिलेले असताना कापडाने चोळलं तर काचेला चरे पडतात. आधी धारेखाली वाळू जाऊ द्या, मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या. घड्याळ चालू करून वॉटर लॉक लावून बंद केल्यावर पाणी बाहेर फेकणारा आवाज येतो, तो दोन-तीनदा वाजवा आणि स्पीकरची बाजू खाली ठेवा. सावलीत, पंख्याखाली, दोन-तीन तास वाळवा. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं नको.

आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत चार्जर नको. मागच्या सोनेरी टिकल्यांना चार्जर लावणारी घड्याळं असतात, त्यांना हे सगळ्यात लागू आहे. खारं पाणी दोन टिकल्यांमध्ये पसरलेलं असताना वीज दिली की तिथे विद्युत अपघटन सुरू होतं. सोन्याचा मुलामा आधी ठिपक्याठिपक्याने उडतो, मग खालचा तांब्याचा थर हिरवा-काळा पडतो, आणि शेवटी चार्जिंग मधूनच तुटायला लागतं. असं काही आठवड्यांतही होऊ शकतं. चार्जिंगआधी टिकल्या कापसाच्या बोळ्याने पुसा. डाग दिसायला लागले असतील तर बोळ्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त टिकल्याच पुसा, काचेला लावू नका. सँडपेपरने घासलं की चमक येते आणि उरलासुरला मुलामाही जातो. चार्जरच्या बाजूच्या टिकल्याही पाहा, निम्म्या वेळा डाग तिकडेच असतो. वायरलेस चार्जिंगच्या घड्याळात हा रोग नाही, पण ओलं घड्याळ चार्जरवर गरम होतं, म्हणून वाळवायचंच.

ट्रायथलॉन करणाऱ्यांची अडचण वेगळी. गोव्यातल्या आयर्नमॅन ७०.३ मध्ये मिरामारला १.९ किलोमीटर पोहून लगेच ९० किलोमीटर सायकल आणि नंतर २१.१ किलोमीटर धावणं असतं. घड्याळ खाऱ्या पाण्यातून निघून कित्येक तास उन्हात वाळतं, वर घामाचं मीठ चढतं. सायकल घेताना बाटलीतलं साधं पाणी घड्याळावर ओता, पाच सेकंदांचं काम आहे. इलेक्ट्रोलाइटची बाटली ओतू नका, त्यात साखर आणि मीठ दोन्ही असतात. शर्यत संपल्यावर वाटीतलं भिजवणं दहाऐवजी वीस-तीस मिनिटं करा, कारण आता मीठ वाळलेलं आहे आणि ते विरघळायला वेळ घेतं.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडियासारख्या सुमारे ३६ किलोमीटरच्या पल्ल्यात प्रश्न मिठाचा नसून बॅटरीचा असतो. सतत जीपीएस चालू ठेवून घड्याळ किती तास जातं हे आधी तलावाच्या काठावर, उघड्यावर चालवून तपासा. माहितीपत्रकातला तासांचा आकडा नव्या बॅटरीचा असतो.

धातू कोणता, यानेही फरक पडतो

टायटॅनियमला समुद्राचं पाणी काही करत नाही. ३१६ एल प्रतीचं स्टेनलेस स्टील चांगलं, पण त्यालाही फटीत साठलेल्या खाऱ्या पाण्याने टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, विशेषतः मागच्या स्क्रूंच्या डोक्यांत. ॲल्युमिनियमवर रंगीत ऑक्साइडचा संरक्षक थर असतो. तो धड असेपर्यंत ठीक, पण दगडावर घासून चरा पडला की त्या जागी पांढरी भुकटी यायला लागते. प्लास्टिक किंवा पॉलिमरचं कवच दिसायला साधं असलं तरी समुद्रासाठी बरंच निर्धास्त. स्वस्त घड्याळांत 'मेटल बॉडी' म्हणून जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला असतो. खाऱ्या पाण्यात हा मुलामा फोड येऊन सुटतो.

काय बिघडलं, कशामुळे

पोहून आल्यावर आवाज बोबडा येणं नेहमीचं आहे, स्पीकरमागच्या पडद्यावर पाणी बसलेलं असतं. एक दिवस वाट पाहा. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर मीठ आहे. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून पुन्हा वाळवा.

घड्याळाने बसल्या जागी तुम्ही चाळीस मजले चढलात किंवा समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली आहात असं सांगितलं, तर हवेच्या दाबाच्या सेन्सरचं भोक बुजलंय. त्यावरही हाच उपाय.

क्राउन जड फिरतो किंवा बटण दाबल्यावर वर येत नाही, तेव्हा जोर लावू नका. रात्रभर गोड्या पाण्यात ठेवण्यापेक्षा पंधरा मिनिटं भिजवणं, धारेखाली फिरवणं, वाळवणं असं दोन-तीनदा करा. डब्ल्यूडी-४० (अडकलेले भाग सोडवणारा फवारा) किंवा मशीनचं तेल घालू नका, सुटतं खरं पण रबर फुगतं आणि पुढच्या पोहण्याला पाणी आत जातं.

मनगटावर पट्ट्याखाली लाल चट्टे आले तर ती बहुधा ॲलर्जी नसते. पट्ट्याखाली अडकलेलं मीठ आणि वाळू कातडी सोलते. घड्याळ धुताना मनगटही धुवा आणि एक रात्र पट्टा दुसऱ्या हाताला लावा.

काचेखाली धुकं किंवा थेंब दिसले तर गोष्ट गंभीर. ताबडतोब बंद करा, चार्ज करू नका, चालू होतंय का बघायचा मोह टाळा. आतलं खारं पाणी सर्किटवर वीज असताना काही तासांत तांब्याचे मार्ग खाऊन टाकतं. वीज नसताना वेग बराच कमी असतो. बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, पट्टा काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्यांबरोबर ठेवा आणि शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, त्याचा भुसा मात्र भोकांत जातो. धुकं दोन दिवसांत आपोआप गेलं तरी बरं झालं असं समजू नका, पाणी उडालं पण मीठ आतच राहिलं, आणि सील तर फुटलेलंच आहे. घड्याळ गरम लागत असेल किंवा फुगलेलं दिसत असेल तर ते गादी-कापडांपासून दूर, फरशीवर ठेवा. ओली लिथियम बॅटरी रात्री उशाशी घेऊन झोपण्याची वस्तू नव्हे.

वॉरंटीची अपेक्षा माफक ठेवा. पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वगळतात, ५ एटीएम लिहिलेलं असूनही, कारण पाणी-प्रतिरोध काळानुसार घटतो असं त्याच माहितीपत्रकात छापलेलं असतं. पोहण्याची मुभा कोणत्या ओळीत दिली आहे तिचा फोटो काढून ठेवा. घड्याळ नवं असेल आणि बाहेरून ओरखडा नसेल तर त्या ओळीवर भांडता येतं.

रोज वापराचं घड्याळ दोन-तीन वर्षांचं झालं की समुद्राच्या बाबतीत त्याला म्हातारं धरा. बॅटरी बदलायला द्याल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा, नवं सील बसवलं का आणि दाबाची चाचणी केली का. चाचणीचं यंत्र कोरडं असतं, हवेच्या दाबाने कवच किती दबतं ते मोजतं, आणि काही मिनिटांत निकाल देतं. ज्या दुकानात ते नाही तिथून आणलेलं घड्याळ पुढे चालण्या-धावण्याला वापरा, आणि समुद्रासाठी एखादा हजार-दोन हजारांचा ५ एटीएमवाला बँड वेगळा ठेवा.